रिकाम्या जागेवरची बोटं

अकरा हजार बायका एकाच जागी बोट टेकवत होत्या, आणि त्या जागी काहीच नव्हतं.

सुखदा आगाशेने स्क्रीनवरचं चित्र मोठं केलं. पुरणाच्या दिंडांचा फोटो, त्याखाली दोन बोटं रुंदीची पांढरी पट्टी, आणि त्या पट्टीच्या उजव्या कोपऱ्यात लाल ठिपक्यांचा नुसता बुजबुजाट. एक ठिपका म्हणजे कुणीतरी आपल्या फोनवर एकदा टेकवलेलं बोट. फोटोवर बोट पडलं असतं तर समजलं असतं, माणूस फोटो मोठा करून बघतो. कोऱ्या जागेवर एखादीचं बोट चुकून पडेल, दहाजणींचं पडेल. अकरा हजारजणींचं कसं पडेल?

सोमवारची सकाळ होती, सव्वादहा वाजले होते, आणि सुखदाचा चहा अजून यायचा होता.

नोएडातल्या सहाव्या मजल्यावर बसून ती जे काम करायची ते पुण्यातल्या तिच्या आत्याला तीन वर्षांत समजलं नव्हतं. खरं तर काम सोपं होतं. इंटरनेटवरची जाहिरात बघणारं माणूस खरं आहे की खोटं, हे ओळखायचं. खोट्यांचे दोन प्रकार. पहिला अडाणी, सेकंदाला वीस पानं उघडणारा. त्याला शेंबडं पोरही पकडेल. दुसरा माणसाचं सोंग घेतो. थांबतो, वाचतो, मागे जातो, कंटाळतोसुद्धा. धंद्यात त्याला लांबलचक इंग्रजी नाव आहे. सुखदा त्यांना बहुरूपी म्हणायची.

हे अकरा हजार बहुरूपी होते. त्यांनी सगळ्या चाळण्या पार केल्या होत्या. फक्त त्या कोऱ्या जागेचा मोह त्यांना आवरला नव्हता.

फोन वाजला. जाहिराती वाटणाऱ्या कंपनीचा प्रमुख अनुराग होता. मूळचा लखनौचा, गोड बोलून मान कापणारा.

"सुखदा जी, रिपोर्ट देखी आपने? 'सणाचं ताट' वाली साइट। पाँच बजे ब्लैकलिस्ट निकल जाएगी, सबको।"

"किसने किया, ये पता चले बिना?"

"साइट जिसकी, ज़िम्मेदारी उसकी। और कल लीगल वाले पुलिस में भी देंगे।"

'सणाचं ताट' सुखदाला माहीत होती. दिल्लीतल्या नीला पारखी नावाच्या बाई अकरा वर्षं ती चालवत होत्या. कोणत्या सणाला काय करायचं, कोणती कहाणी वाचायची, महाराष्ट्राबाहेर पडलेल्या घरांना याचा मोठा आधार. सुखदाने स्वतः गेल्या वर्षी तिथूनच उकडीच्या मोदकांची कृती घेतली होती. मोदक फाटले होते, पण तो दोष नीलाताईंचा नव्हता. त्या यादीत एकदा नाव गेलं की एकही जाहिरातवाला दारात उभं करत नाही, आणि आज त्या काळ्या यादीत जे नाव जाणार होतं त्याच्यापुढे 'फसवणूक' असा शब्द लागणार होता.

"पाँच बजे तक आदमी मैं ढूँढ के देती हूँ," ती म्हणाली आणि चहा न पिताच उठली.

*

अनुरागची कंपनी त्याच सेक्टरात, चालत सात मिनिटांवर होती. 'सणाचं ताट'चं काम कृतिका बघायची. फरीदाबादची. आजोबा तिथल्या कारखान्यात नोकरीला आले आणि सगळं घर तिथलंच झालं. अठ्ठावीसची असेल, चटपटीत. कॅन्टीनमध्ये ती पराठा खात होती, बाजूला कच्च्या कांद्याच्या चकत्यांचा ढीग.

"बस ना. मराठी माणूस भेटलं की बरं वाटतं यार इथे."

"हे वाचक कधीपासून वाढले?"

"जुलै. महिन्याच्या भेटी एकदम लाखावर गेल्या. मी तर इतकी खूश होते. त्यावरच तर मला बदली मिळाली. एक तारखेपासून मुंबई ऑफिस." ती हसली. "लहानपणापासून जायचं होतं मला. इथे आम्ही मराठी, आणि तिकडे गेलं की दिल्लीवाले."

"नीलाताईंनी हे केलं असेल?"

"काकू? नाही यार. त्यांना ओटीपी पण वेदांत वाचून दाखवतो."

"वेदांत कोण?"

"मुलगा. साइटचं सगळं टेक्निकल तोच बघतो." कृतिकाने बोटं पुसली. "मी कोणाचं नाव नाही घेणार, मला बिल्कुल बरं नाही वाटत. पण घरात हे येतं असा एकच माणूस आहे."

नाव घ्यायचं नाही म्हणता म्हणता तिचं ते घेऊन झालं होतं.

"तू पण घे ना," कृतिकाने कांद्याची बशी पुढे सरकवली. "श्रावणभर बंद होता माझा. राखीला सुटला एकदाचा, तेव्हापासून रोज खातेय."

सुखदाने दोन चकत्या उचलल्या. सकाळपासून पोटात काही नव्हतं. डोक्यात फक्त ती पांढरी पट्टी होती.

"बहुरूप्यांची चाल कुणाची तरी खरी आहे," ती म्हणाली. "म्हणजे कुणीतरी खऱ्या माणसांची बोटं फोनवर कशी फिरतात त्याची नोंद केली आणि तीच पुन्हा पुन्हा चालवली. मला त्या माणसांपर्यंत पोचायचंय."

कृतिकाने बशी परत आपल्याकडे ओढली. "अच्छा," ती म्हणाली. "असं पण करतात?"

*

लक्ष्मीबाई नगरातल्या सरकारी क्वार्टरचं दार नीलाताईंनी स्वतः उघडलं. यजमान केंद्र सरकारच्या नोकरीत, दोन वर्षांत निवृत्त होणारे. ते ऑफिसला गेले होते. उद्या हरतालिका, परवा गणपती, म्हणून घरभर सामान पसरलेलं होतं. स्वयंपाकघराच्या भिंतीवर जिवतीचा कागद अजून तसाच होता. पोरांच्या आयुष्यासाठी श्रावणी शुक्रवारी आया ज्याची पूजा करतात, तोच.

"अमावास्येला काढायचा असतो, राहून गेलाय," नीलाताई ओशाळून म्हणाल्या.

"कधी लावला होतात?"

"पंचवीस जुलैला. पहिला शुक्रवार ना तो." त्यांनी पदराला हात पुसले. "त्या अनुरागचा फोन आला होता. मला अर्धं कळलं नाही, पण पोलीस हा शब्द कळला."

"साइटवर काय काय तुम्ही करता?"

"लिहिते. फोटो काढते. बाकी सगळं वेदांतकडे."

"वाचक वाढले तेव्हा काय वाटलं?"

"खरं सांगू? मला वाटलं, एवढ्या वर्षांनी लोकांना माझं लिहिणं आवडायला लागलं. मी पेढे वाटले मंडळात." नीलाताईंची नजर आतल्या बंद दाराकडे गेली आणि लगेच परत आली.

ते दार उघडलं. वेदांत चोवीस वर्षांचा, गुडगावला नोकरी, आज घरून काम. डोळे तांबारलेले. सुखदाने लॅपटॉप त्याच्यासमोर ठेवला.

"हे बहुरूपी आहेत."

"म्हणजे?"

"सोंग घेणारे."

"अच्छा, बहरूपिये." तो वाकला, आणि लाल ठिपके बघून त्याचा चेहरा बदलला. "इथे बटण होतं."

"कुठे?"

"इथेच. कहाणीचे दोन भाग करून मधे 'पुढे वाचा' टाकायचं होतं. जूनमध्ये ट्रायल घेतली. बायका म्हणाल्या, कटकट आहे, मग मी काढून टाकलं. साइटवर ते कधी आलंच नाही."

"ट्रायल कुठे झाली?"

"इथेच," नीलाताई म्हणाल्या. "मंडळाच्या नऊजणी आल्या होत्या. कृतिकानेच सगळ्यांना हातात फोन देऊन बसवलं. मी चहा करत होते, मी कुठली बसते."

"वेदांत, तू?"

"ऑफिसात होतो. नवीन पान बनवून लिंक दिली, बस. बोटांची नोंद त्यांच्याच फोनमध्ये होत होती. मला फक्त 'बटण नको' एवढा निरोप आला."

सुखदाने तिथूनच कृतिकाला फोन लावला.

"जूनच्या ट्रायलची नोंद कुठे आहे?"

"ती ना? त्याच संध्याकाळी डिलीट केली. प्रायव्हसी असते ना, काकूंच्या मैत्रिणी होत्या."

"सकाळी मी बोटांच्या नोंदीबद्दल बोलले, तेव्हा ट्रायलचं सांगितलं नाहीस."

"अरे, लक्षातच नाही आलं."

"आणि ते फोन?"

"ऑफिसच्या कपाटात. कोणीही नेतं."

सुखदाने फोन ठेवला. घड्याळात एक वाजून गेला होता. म्हणजे आता दोन जागा राहिल्या होत्या, हे घर आणि ते ऑफिस. घरात पान बनवणारा मुलगा होता, ऑफिसात फोनचं कपाट होतं, आणि कपाटाला कुलूप नव्हतं.

*

नीलाताईंनी तिला मागच्या व्हरांड्यात बोलावलं. दोरीवर धुतलेली सोवळी वाळत होती. त्यांच्या हातात घडी घातलेला कागद होता.

"मीच केलं ते. लिहून दिलंय, सही आहे."

सुखदाने कागद घेतला नाही. "वाचक कुणाकडून घेतलेत?"

"होता एकजण."

"नाव?"

"आठवत नाही."

"पैसे कसे दिलेत?"

"रोख."

"काकू, हा माल रोख मिळत नाही."

नीलाताईंची मान वर होती. "तुम्हाला काय करायचंय? कुणीतरी हवंय ना त्यांना, मी आहे. मी काय, घरात बसून लाडू वळीन. त्याची नोकरी जाईल. पुढे कोण उभं करेल त्याला?"

"वेदांतने केलंय असं तुम्हाला का वाटतं?"

"मागच्या दिवाळीत म्हणाला होता, आई, वाचक विकत मिळतात, आणू का थोडे? मी हसले होते." त्यांनी दोरीवरचा चिमटा काढला आणि पुन्हा लावला. "महिनाभर झोपला नाहीये नीट. विचारलं की काम आहे म्हणतो. त्याला यातलं काही बोलू नका."

सुखदाला त्या बाईची दया आली आणि रागही आला. इतकं सरळ खोटं बोलणारं माणूस तिने बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. "कागद तुमच्याचपाशी ठेवा," ती म्हणाली. "द्यायचाच तर पाच वाजता द्या. तोवर मला तुमचं जेवणाचं टेबल द्या."

टेबलावरचं रताळ्यांचं टोपलं बाजूला सारून तिने काम सुरू केलं. आता एक गोष्ट सोपी झाली होती. ज्याने कोऱ्या जागेवर बोट टेकवलं तो खोटा, बाकीचे खरे. तिने दोन ढीग केले. खोट्यांच्या ढिगातल्या बोटांच्या लकबी वेगळ्या काढल्या. एक बोट फार जोरात दाबायचं. एक सारखं वर जाऊन साहित्याची यादी पुन्हा बघायचं. एक प्रत्येक ओळीखाली सरकत जायचं, कहाणी मनातल्या मनात म्हणत असल्यासारखं. लकबी मोजल्या तर त्या दहा भरल्या. तिने पुन्हा मोजल्या. दहाच. दहावं बोट मजकुरावर कुठे थांबत नव्हतं, झरझर खाली येऊन नेमकं बटणाच्या जागी टेकत होतं.

मग तिने खोटे वाचक कोणत्या दिवशी कोणत्या पानावर गेले ते काढलं. ज्याने कुणी हे केलं होतं तो हुशार होता. सणाच्या दिवशी सणाच्या पानावर गर्दी हवी, हे त्याला कळत होतं. श्रावणी सोमवारच्या पानावर चौदा आणि एकवीस जुलैला झुंबड, पुढच्या दोन सोमवारी पुन्हा तशीच. जिवतीच्या जुन्या पानावर अकरा जुलैला, अठराला, पंचवीसला, एक ऑगस्टला, आठला. त्यानंतर तिथे कुणी फिरकलं नव्हतं.

खऱ्यांच्या ढिगात जिवतीचं पान पंचवीस जुलैला जागं झालं होतं आणि बावीस ऑगस्टपर्यंत जागं होतं.

सुखदाने तारखांच्या त्या दोन रांगा शेजारी शेजारी लावल्या. मग तिने आतल्या खोलीकडे तोंड करून विचारलं, "काकू, जिवतीच्या जुन्या पानावर कहाणी आहे, आरती आहे, नैवेद्य आहे. महिना कुठेच नाही. शुक्रवारही नाही."

"ते काय लिहायचं?" नीलाताईंचा आवाज आला. "जिवती कधी असते ते कुणाला माहीत नसतं?"

"वेदांत, यंदाचा नवा लेख साइटवर कधी लावलास?"

"चोवीस जुलै, संध्याकाळी. आईने तारखा लिहून दिल्या होत्या, ज्या त्या तारखेला आपोआप यावा म्हणून मी मे महिन्यातच सगळा श्रावण लावून टाकला होता. का?"

"मे महिन्यात?"

"हो, सिस्टीममध्ये दिसेल ना तारीख."

सुखदाने ती तारीख बघितली. मे महिन्याचीच होती. तिने लॅपटॉप मिटला. तीन वाजून पाच मिनिटं झाली होती.

"चला," ती म्हणाली. "दोघंही. नोएडाला."

*

पाचला पंचवीस मिनिटं असताना अनुरागच्या ऑफिसातल्या काचेच्या खोलीत पाच माणसं बसली होती. अनुरागच्या समोर लॅपटॉप उघडा होता, यादी पाठवायची बाकी होती. नीलाताईंनी आल्या आल्या घडी घातलेला कागद त्याच्यापुढे सरकवला होता. हाताने लिहिलेलं मराठी त्याला लागत नव्हतं, म्हणून तो तसाच पडून होता. कृतिका खिडकीपाशी होती. वेदांत आईच्या शेजारी.

"दस मिनट," अनुराग म्हणाला.

"पुरतील," सुखदा म्हणाली, आणि मराठी-हिंदी दोन्हीत, जसं जमेल तसं, सांगू लागली.

"हे वाचक खोटे आहेत, पण त्यांची बोटं खरी आहेत. जूनमध्ये नीलाताईंच्या घरी नऊ बायकांनी एक पान चाळलं. त्या पानावर एक बटण होतं, जे नंतर साइटवर आलंच नाही. तरी अकरा हजार वाचक जुलैपासून त्या बटणाच्या जागी बोट टेकवतायत. म्हणजे ही नोंद त्या दुपारची. ती तुमच्या कंपनीच्या फोनमध्ये झाली. कृतिका म्हणते, त्याच संध्याकाळी पुसली. पुसली असती तर ही बोटं आज जिवंत नसती."

"फोन कपाटात असतात," कृतिका म्हणाली. "मी सांगितलं होतं. कोणीही कॉपी करेल. वेदांतला पण पान माहीत होतं."

"बरोबर. शिवाय बोटं दहा आहेत, आणि बायका नऊ. दहावं बोट वाचत नाही, दाखवतं. बटण कुठे आहे ते त्याला आधीच ठाऊक आहे. ते तुझं, सगळ्यांना करून दाखवतानाचं. पण तुझं बोट असलं म्हणजे तूच चोर असं होत नाही. फोनमध्ये नऊजणींबरोबर तुझीही नोंद झाली, आणि ती उचलणारा दुसरा कुणी असेल. इथवर मलाही माणूस सांगता येत नव्हता."

ती अनुरागकडे वळली. "अनुराग जी, इस साल सावन कब लगा?"

"ग्यारह जुलाई," तो चटकन म्हणाला. "गुरु पूर्णिमा के अगले दिन। क्यों?"

"आणि संपला?"

"रक्षाबंधन पे। हर साल।"

"आमचा श्रावण पंचवीस जुलैला लागला. तुमचा महिना पौर्णिमेला संपतो, आमचा अमावास्येला. तुमची राखी होते तेव्हा आमचा श्रावण निम्माच झालेला असतो." सुखदाने दोन रांगा पडद्यावर लावल्या. "ज्याने हे खोटे वाचक सोडले त्याने मराठी साइटवर सावन पाळला. श्रावणाच्या पानांवरची गर्दी अकरा जुलैला सुरू, राखीच्या आदल्या दिवशी बंद. पुण्या-मुंबईत वाढलेला माणूस ही चूक करणार नाही."

"तो फिर मैं?" अनुरागने भुवया वर केल्या.

"मलाही आधी तसंच वाटलं. पण हे दुसरं पान बघा. जिवती. तुमच्याकडे ही पूजा नाही. पानावर श्रावण लिहिलेला नाही, शुक्रवारही लिहिलेला नाही. तरी दर शुक्रवारी त्या पानावर नेमकी गर्दी. हे ज्याला माहीत आहे त्याच्या घरच्या भिंतीवर कधीतरी जिवतीचा कागद लागलेला आहे. म्हणजे घर मराठी, आणि श्रावण मात्र दिल्लीचा."

दिल्लीत वाढलेली मराठी माणसं तिथे दोनच होती.

नीलाताईंनी मुलाचा हात टेबलाखाली घट्ट धरला. "मी सांगितलंय ना," त्या म्हणाल्या, "मी लिहून दिलंय."

"काकू, एक मिनिट. कृतिका, यंदा जिवतीचा शेवटचा शुक्रवार कोणता होता?"

"आठ ऑगस्ट," कृतिका म्हणाली. डोळे पडद्यावर होते, पण उत्तर तिथून आलं नव्हतं. लहानपणापासून तिच्यासाठी राखीआधीचाच शुक्रवार शेवटचा होता.

"अगं, आठ कसा?" नीलाताई सवयीने बोलून गेल्या. "पंधराला होता, बावीसला होता. बावीस शेवटचा."

मग आपण काय बोललो ते त्यांनाच कळलं. त्यांचा हात सुटला.

"वेदांतला हे माहीत होतं," सुखदा हळू आवाजात म्हणाली. "आईच्या तारखांवरून त्याने पूर्ण श्रावण मे महिन्यातच लावून ठेवला होता, बावीस ऑगस्टपर्यंत. खोटे वाचक त्यानेच सोडले असते तर आपल्याच लेखाच्या दोन आठवडे आधी कशाला सोडले असते? आणि सकाळी कांदा खाताना तू मला काय म्हणालीस, कृतिका? श्रावणभर बंद होता, राखीला सुटला. मी दोन चकत्या खाल्ल्या आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. पुण्याची म्हणून मिरवायला मला आता लाज वाटते."

कृतिका खुर्चीत बसली. मिनिटभर तिने काही नाकारायची तयारी केली असावी. मग ती मोडली.

"आई लावायची कागद," ती म्हणाली. "मी सातवीत असताना ती गेली. शुक्रवार होता एवढं आठवतं, दूध-साखर मिळायची. श्रावण दुसरा असतो हे मला कोण सांगणार? शाळेत सगळ्यांचा जो होता तोच आमचा." तिने अनुरागकडे बघितलं. "लाख झाले तर मुंबई, असं आपने ही बोला था, सर. साइट चाळीस हजारावर अडकली होती. मला वाटलं, दोन महिने चालवेन आणि बंद करेन. कोणाचं काय जातंय?"

"माझं जात होतं," नीलाताई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही, पण खोलीतल्या प्रत्येकाला तो लागला. "माझ्या घरात बसून, माझ्या हातचा चहा पिऊन, माझ्या मैत्रिणींची बोटं उचललीस. आणि वर माझ्या पोराचं नाव पुढे केलंस. आई नव्हती तर मला विचारायचंस गं. एक तारीख विचारायला काय लागतं?"

कृतिका रडू लागली. कुणी तिला गप्प केलं नाही.

अनुरागने यादीतून एक ओळ काढली आणि सुखदाला दाखवली. मग तो वरिष्ठांना फोन करायला बाहेर गेला. जाताना नीलाताईंसमोर दोन्ही हात जोडून उभा राहिला. त्या हात जोडण्यात 'लाख झाले तर मुंबई' म्हणणाऱ्याची थोडी घाई होती.

पाचला चार मिनिटं कमी होती. सुखदाला वाटलं, संपलं.

वेदांतने टेबलावरचा घडी घातलेला कागद उघडला.

त्याचं मराठी वाचन सावकाश होतं. ओठ हलत होते. शेवटच्या ओळीवर, सहीवर, तो बराच वेळ थांबला. नीलाताई त्याच्याकडे बघत होत्या आणि कागद ओढून घ्यायला हात पुढे करत नव्हत्या.

"आई, हे काय आहे?"

"काही नाही. दे, फाडून टाकते."

"तुला वाटलं मी केलं."

"वेदू, पोलिसांत देणार म्हणाले रे ते. मला सुचेना. आणि तू महिनाभर झोपत नव्हतास."

"मी दुसरी नोकरी शोधतोय. आहे ती जाणारे, तुला कसं सांगू कळत नव्हतं." त्याने कागद पुन्हा त्याच घड्यांवर मिटला. "सकाळपासून आपण एका घरात होतो. एकदा विचारायचं होतंस."

"विचारलं असतं, आणि तू हो म्हणाला असतास तर?"

"आणि नाही म्हणालो असतो तर? विश्वास ठेवला असतास?"

नीलाताईंना खोटं बोलता येत नव्हतं हे दुपारीच सिद्ध झालं होतं. त्यांनी आत्ताही प्रयत्न केला नाही.

"नसता ठेवला," त्या म्हणाल्या, आणि तोंडाला पदर लावला.

वेदांतने मान हलवली. फोन काढून त्याने लक्ष्मीबाई नगरची टॅक्सी मागवली, आईची पिशवी उचलली, लिफ्टचं दार तिच्यासाठी धरून ठेवलं. सुखदा खालपर्यंत सोडायला गेली. टॅक्सी आली तशी त्याने मागचं दार उघडून आईला बसवलं, साडीचा काठ आत घेतला, दार नीट लावलं. मग पुढे जाऊन तो ड्रायव्हरच्या शेजारी बसला.